लेव्हल तीन

चपला बाहेर काढा. छत्री त्या बादलीत उभी करा. ओली छत्री आत नेलीत तर काउंटरवरचे काका सगळ्यांदेखत ओरडतात. आता पॅन्ट घोट्याच्या वर सरकवून पाय नीट बघून घ्या. बांगूरनगरकडून झाडीतल्या वाटेने आलात ना? मग एखादी जळू असायचीच. मिठाची पुडी रजिस्टरच्या बाजूला ठेवलेली आहे. मागायला लाजू नका, सगळेच मागतात.

ही दांडेली आहे, २००६ सालच्या जुलैतली. सूर्य कुठे असतो ते लोक विसरत चाललेत. कागद गिरणीचा धूर पावसाने रस्त्यावरच दाबून धरलाय. त्याला गंधकाचा, आंबूस, भिजक्या लाकडाचा वास आहे. तुम्हाला तो आता येतोय, तासाभराने येणार नाही. मी तुमचं वय सोळा करून ठेवलंय. तुम्ही पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहात, राहायला मामाकडे, मामा गिरणीत शिफ्टला. तुमचं घर रामनगरला. त्याच्या आधीचं घर सुप्यात होतं, काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमापाशी. ते तुम्ही कधीच पाहिलेलं नाही, कारण तुम्ही जन्मायच्या आधी त्यावर धरणाचं पाणी चढलं. खिशात तीस रुपये आहेत. हे सगळं लक्षात ठेवा, लागेल.

रजिस्टरात नाव लिहा, वेळ लिहा. पत्त्यात तालुका सुपा लिहायचा की जोयडा, यावर पेन जरा अडेल. काही लिहा, काका वाचत नाहीत. तासाचे वीस रुपये. केबिन पाच.

केबिन म्हणजे प्लायवूडची दोन पाखं आणि एक पडदा. आत शिरलात की गुडघे टेबलाला टेकतात आणि मॉनिटरची ऊब थेट तोंडावर येते. बाहेर अंगात हुडहुडी भरली होती, इथे दोन मिनिटांत शर्टातून वाफ निघायला लागेल. ओले मोजे, उदबत्ती, समोरच्या गाड्यावरची मिरची भजी, असा सगळा एकत्र वास आहे. कीबोर्डवरची काही अक्षरं बोटांनी खाल्लीत. माउस हलत नसेल तर उलटा करा, पोटातला रबरी गोळा काढा, शर्टाला पुसा, परत बसवा. डावीकडे काउंटर-स्ट्राइकच्या गोळ्या सुटताहेत, उजवीकडे व्हाइस सिटीत कुणी तरी पोलिसांची गाडी पळवलीय, आणि काकांच्या स्पीकरवर हिमेश रेशमिया नाकातून गातोय. या गोंगाटात कुणी एक बापडा नोकरीचा अर्ज भरत बसलाय. त्याची दया करा आणि आपल्या कामाला लागा.

पत्ता टाका: रूनस्केप. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा हा खेळ २००१ मध्ये गावर भावांनी सुरू केला. दांडेलीच्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा गुण असा, की तो विकत घ्यावा लागत नाही आणि मशीनवर बसवावाही लागत नाही. ब्राउझरमध्ये जावाच्या जोरावर चालतो. काकांना कळायच्या आत सुरू होतो, कळलं तरी हरकत घेण्यासारखं त्यात काही नसतं. पैसे भरणाऱ्यांना जास्त जग मिळतं, पण त्यासाठी परदेशात चालणारं कार्ड लागतं आणि तसलं कार्ड मामाने फक्त जाहिरातीत पाहिलंय. तेव्हा तुम्ही फुकटे. फुकट्यांचं जगही पुष्कळ मोठं आहे.

लोडिंगचा पट्टा सरकतोय. सरकतोय असं म्हणायचं. तेवढ्यात नाव ठरवा, बारा अक्षरांच्या आत. शिवाजी? कुणी तरी घेतलंय. टायगर? घेतलंय. रॉकी, किंग, सह्याद्री? सगळी गेली. शेवटी स्वतःच्या नावापुढे जन्मसाल चिकटवा, आणि चला. लो डिटेल की हाय डिटेल असं विचारेल. या मशीनची ऐपत ओळखून लो म्हणा.

आता आरसा समोर आलाय असं समजा. डोकं निवडा, दाढी निवडा, सदऱ्याचा रंग निवडा. चार वेळा बदलाल, माहीत आहे. मिसरूड फुटत नसल्याच्या काळात फुकट दाढी मिळतेय, सोडता कशाला.

तुम्ही एका बेटावर आहात. इथे नवख्यांना शिकवतात, शिकल्याशिवाय सोडत नाहीत. जमिनीवर क्लिक केलंत तर पिवळी फुली उमटते, तुमचा माणूस तिकडे चालायला लागतो. माणसावर किंवा वस्तूवर केलंत तर लाल. क्लिक आणि पाऊल यांच्यात थोडा वेळ जातो. एक तर या खेळाचं घड्याळच ०.६ सेकंदांच्या ठोक्यांनी चालतं, आणि त्यात तुमची फुली दांडेलीतून समुद्रापार जाऊन परत यायची असते. सवय करून घ्या. खाली इंग्रजी मजकूर येईल, तो वाचा. तुम्ही वाचणार नाही. तीन मिनिटं भिंतीला धडका द्याल, मग चौथ्या केबिनमधला पोरगा पाखावरून डोकावेल.

"आधी वाच की रे. लिहिलंय सगळं."

हा पोरगा तुमच्याहून लहान आहे आणि लेव्हल पन्नासच्या पुढे आहे. त्याला नमस्कार करायला हरकत नाही.

बाहेर तळ्याकाठी एक बाई उभी आहे. ती तुम्हाला कुऱ्हाड आणि काडेपेटीसारखं काही तरी देते. झाड तोडा. तोडलं? नुसता बुंधा राहिला आणि क्षणभराने झाड पुन्हा उभं. इकडेतिकडे बघू नका, इथे जंगल खात्याचा गार्ड येत नाही. आता लाकडं पेटवा. पहिल्या खेपेला नाही पेटत. दुसऱ्यालाही नाही. मग पेटतात. जाळं घ्या, तळ्यातून कोळंबी काढा, जाळावर भाजा. जळली! घाबरू नका, पहिली मुद्दामच जळवतात. दुसरी काढा.

आता जरा माउसवरचा हात सैल सोडा. तुम्ही जोयडा तालुक्यातले. अशा धो धो पावसात ओलं सरपण फुंकणीने पेटवणारी आजी तुमच्या घरात आहे. कुऱ्हाडीचा घाव तिरका घालायचा असतो हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही, आणि नदीत जाळं टाकणारी माणसं तुमच्या नात्यात आहेत. हीच कामं शिकायला तुम्ही तासाला वीस रुपये मोजून बसलाय आणि ती तुम्हाला जमत नाहीयेत. आजीला सांगून बघा. ती म्हणेल, इकडे ये, सरपण फोडायचं आहे, मी पैसे घेणार नाही. तिचं अगदी बरोबर आहे. पण घरच्या कुऱ्हाडीचा घाव घातल्यावर कुणी कोपऱ्यात आकडा वाढवून दाखवत नाही, हेही खरंच. इथे प्रत्येक ओंडक्याची नोंद होते. सोळाव्या वर्षी आपल्या कष्टांची कुणी तरी नोंद ठेवतंय, ही चैन साधी नाही.

पुढे भराभर जा. पीठ आणि पाणी कालवून पाव, तांबं आणि कथील वितळवून कांसं, कांशाची सुरी, पिंजऱ्यातल्या गलेलठ्ठ उंदराशी लढाई. फटका बसला की लाल ठिपक्यात आकडा, हुकला की निळ्यात शून्य. शेवटी एक जादूगार एका गरीब कोंबडीवर वाऱ्याचा मंत्र सोडायला लावतो. बेट संपलं.

लंब्रिज. किल्ल्याचं आवार. आणि गर्दी.

इथे थांबून बघाच. हिरव्या-जांभळ्या सदऱ्यांची शंभरेक माणसं इकडून तिकडे पळताहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळी अक्षरं. कुणी फुकटात काही द्या म्हणतोय, कुणी मासे विकतोय, कुणी गर्लफ्रेंड विकत घ्यायला निघालाय. यातला प्रत्येक जण खरा आहे, कुठे तरी खऱ्या खुर्चीवर बसलेला. एका जगात दोन हजार माणसं मावतात आणि अशी कितीतरी जगं एकाच वेळी चालू असतात. गिरणीची पाळी सुटते तेव्हाची गर्दी तुम्ही रोज बघता, पण तिच्यात तुम्हाला मामाचा भाचा म्हणून ओळखणारं कुणी तरी असतंच. इथे तुम्ही फक्त लेव्हल तीन आहात. सगळे तिथूनच सुरू करतात, ड्यूकचा पोरगा असो की रामनगरचा.

एक जण जवळ येईल. म्हणेल, पासवर्ड टाइप केला की कंपनी तो आपोआप चांदण्यांनी झाकते, बघ करून. स्वतः चांदण्या टाकूनही दाखवेल. अजिबात करू नका. दुसरा म्हणेल, तुझी नाणी दे, दुप्पट करून देतो. बाजाराच्या दिवशी तीन पत्त्यांवाला भेटतो ना, तोच हा, इंग्रजी शिकून आलेला.

किल्ल्याच्या स्वयंपाकघरात आचारी रडकुंडीला आलाय. ड्यूकचा वाढदिवस, आणि केकला अंडं, दूध, पीठ काही नाही. तुमचं पहिलं मोठं काम हे. राजकन्या वगैरे नंतर. बादली घ्या, भांडं घ्या आणि निघा. अंडं कोंबड्यांच्या वाड्यात. पिठासाठी शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन ओतायचा, दांडा ओढायचा, धावत खाली येऊन भांड्यात भरायचं. दळण आणायला घरी तुम्ही किती कां-कूं करता! इथे दोन जिने आनंदाने चढाल.

दुधाला मात्र गाईंच्या रानात जावं लागतं, आणि तिथे पोचलात की तुमची बोटं थबकतील. दूध देणारी गाय वेगळी आहे. बाकीच्या गाईंना पाच-पंचवीस लोक तलवारींनी भोसकताहेत, कातड्यासाठी. नवख्यांचा पैसा त्यातच असतो.

"मार ना, कातडं चांगलं जातं," चौथ्या केबिनमधून आवाज.

तुम्हाला होणार नाही. खोटी गाय आहे, चौकोनी तुकड्यांची, तरी होणार नाही. मामी दारात तांब्या घेऊन उभी राहिल्यासारखं वाटेल. हरकत नाही, कोंबड्या मारा. कोंबडीला आपल्याकडे कुणाची ना नसते. पिसं गोळा करा, मासेवाले ती विकत घेतात. या खेळात काय करायचं नाही हेही आपल्यालाच ठरवता येतं, आणि मला विचाराल तर नवखेपणातली खरी मजा तीच आहे. नंतर मोठे खेळाडू कुठल्या कामाला तासाला किती आकडे मिळतात याचा हिशेब मांडत बसतात. तुम्ही अजून गाईशी वागायचं कसं या विचारात आहात. तुमचं बरं चाललंय.

केक झाला. आता पूल ओलांडा. पलीकडे गॉब्लिन आहेत. दोन नंबरचे सोपे, पाच नंबरचा जरा बेरकी. तुमचे प्राण एकूण दहा. भिडा. लाल तीन. निळं शून्य. तुम्हाला लाल दोन. आणि—

अंधार.

सगळ्या केबिनांतून एकच ओरडा. करंट गेला. हिमेश मध्येच तुटला. यूपीएसमध्ये जीव फक्त काकांच्या मशीनला पुरेल एवढा, बाकीचे मॉनिटर चरचरत विझले. आता पाऊस ऐकू येतोय, पत्र्यावर, दगड ओतल्यासारखा. कुणी तरी काडी ओढली. काका मेणबत्ती लावतात आणि सांगतात, बसा, मिनिटं धरत नाही. मिरची भजीवाल्याचा धंदा आता होतो.

इथून पंचवीसेक किलोमीटरवर सुप्याचं धरण आहे, १०१ मीटर उंच. पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन संच. त्यासाठी सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली, तुमच्या आजीची चूल रामनगरला. आणि तिचा नातू काळोखात बसून करंटची वाट बघतोय. यावर केबिनींमध्ये विनोद जुनाच आहे, प्रत्येक पोरगा तो आपल्या पद्धतीने करतो, त्यातला एकही छापण्यासारखा नाही.

आला! ओरडा पुन्हा, या वेळी सुखाचा. मशीन चालू होईपर्यंत बोटं मोडा. परत आत जा. तुम्ही किल्ल्याच्या आवारात उभे आहात, जवळ फक्त तीन वस्तू. तुम्ही काळोखात असताना तुमचा माणूस तिकडे एकटाच लढत होता, आणि मेला. सगळ्यात किमती तीन वस्तू तेवढ्या राहतात, बाकीचं ज्याला सापडलं त्याचं. पिसं गेली, कांशाची सुरीही गेली, जाऊ द्या.

मी तुम्हाला पुढचं थोडं सांगतो, तुम्ही आत कुणाला बोलू नका. हा लंब्रिज लवकरच बदलणार आहे, इतका की जुने खेळाडू चिडतील. मग कंपनीला २००७ सालची जपून ठेवलेली एक प्रत सापडेल, लोकांचं मत घेतलं जाईल, आणि २०१३ मध्ये सगळं गाव जसंच्या तसं पुन्हा उघडेल. तोच पूल, तोच आचारी, त्याच केकसाठी रडणारा. ओल्ड स्कूल म्हणतील त्याला. सुप्याची अशी प्रत कुणी काढून ठेवली नव्हती. आजीला विचारलंत तर ती बाजाराचा रस्ता घरापासून सांगायला लागते, कोणाचं दुकान, मग कोणाचं. पुढच्या वेळी रामनगरला जाल तेव्हा तिच्याकडून वहीत त्याचा आराखडा काढून घ्या. ती आधी नाही म्हणेल, मग चुका काढत बसेल.

"केबिन पाच, टाइम झाला!"

खिशात दहा रुपये आहेत. दहात मिरची भजी येतात किंवा अर्धा तास येतो. वास नाकात शिरतोय, पोट बोलतंय. मी काही सुचवत नाही.

अर्धा तास? बरं. काकांकडे नोट सरकवा आणि पटकन बसा. पुन्हा कोंबड्या मारून पिसं गोळा करा. एक जण ती मागतोय, सौदा करा. दुसऱ्या खिडकीत आकडे पुन्हा वाचून मगच हो म्हणा, तो मधल्या मधे नाणी कमी करू शकतो. झालं? आता पूर्वेकडे चला, पूल ओलांडून, गॉब्लिनांना वळसा घालून, गाईंकडे न बघता. फाटक दिसतंय ना, दोन पहारेकरी उभे आहेत ते? पलीकडे अल खरीद, वाळवंट, कोरडं, ऊनच ऊन. जकात दहा नाणी. घासाघीस करू नका, ते ऐकत नाहीत. आत गेल्यावर उत्तरेच्या खाणीत विंचू आहेत, चौदा नंबरचे. तिकडे एवढ्यात फिरकू नका.