समचय : अटी पाळून निवडी कशा मोजाव्यात?

अनेक वस्तूंमधून काही निवडायच्या असतील आणि त्यांच्या क्रमाला महत्त्व नसेल, तर अशा प्रत्येक निवडीस गणितात समचय अर्थात कॉम्बिनेशन म्हणतात. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती' या ग्रंथात याचे एक रुचकर उदाहरण आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू व तुरट या सहा रसांपासून चवींचे किती प्रकार होतील?

त्यांची रीत सोपी आहे. ६, ५, ४ असे उतरते अंक १, २, ३ या चढत्या अंकांवर मांडून क्रमाने गुणाकार व भागाकार करावा. एका रसाचे प्रकार ६ होतात. त्यांना ५ ने गुणून २ ने भागले की दोन रसांचे १५, आणि त्यांना ४ ने गुणून ३ ने भागले की तीन रसांचे २० प्रकार मिळतात. पुढे १५, ६ व १ येऊन एकूण बेरीज ६३ होते.

हेच उत्तर वजाबाकीनेही मिळते. प्रत्येक रस घ्यावा किंवा वगळावा, असे दोनच पर्याय असल्याने एकूण निवडी ६४ होतात. त्यांतून एकही रस नसलेली निवड वगळली की ६३ उरतात. 'किमान एक' या अटीसाठी हाच मार्ग सर्वांत सुरक्षित होय.

समजा, ६ पुरुष व ४ महिलांमधून चौघांची समिती नेमायची असून तीत किमान एक महिला हवी आहे. येथे अनेक विद्यार्थी आधी एक महिला निवडतात (४ प्रकार) आणि उरलेल्या ९ जणांतून तिघे घेतात (८४ प्रकार). गुणाकार येतो ३३६. परंतु अट नसतानाही दहा जणांतून चौघांच्या समित्या २१० च होतात! दोन महिला असलेली समिती या रीतीने दोनदा, तर तीन महिलांची तीनदा मोजली जाते. योग्य उत्तर असे : एकूण २१० मधून केवळ पुरुषांच्या १५ समित्या वजा केल्यास १९५.

अट 'किमान दोन महिला' अशी असल्यास प्रकार वेगळे करावेत. नेमक्या दोन महिलांच्या समित्या ९०, तिघींच्या २४ व चौघींची १, एकूण ११५.

संभाव्यतेचे गणित याच मोजणीवर उभे असते. वरील चुकीच्या उत्तराने संभाव्यता एकापेक्षा अधिक येईल, जे अशक्य आहे. म्हणून अट कोणतीही असो, प्रत्येक निवड एकदा आणि एकदाच मोजली गेली आहे ना, हे आधी तपासावे.