आमची रोजची भाकर : मेक्सिकोत रुजलेला एक मराठी माणूस

दसरा-दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, तर कोणी थेट कर्नाटकात. परमुलखात पाणी कोठे भरावे, दुकानदाराशी कोणत्या भाषेत बोलावे, लेकरांना कोठे निजवावे, हे सारे त्यांना दरवर्षी नव्याने शिकावे लागते. परमुलखात रुजण्याचा विचार करू लागलो की मला डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे चरित्र हटकून आठवते.

खानखोजे वर्ध्याचे. त्यांचा जन्म १८८४चा. क्रांतिकार्यासाठी तरुणपणीच त्यांनी घर सोडले आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. तेथे शेतीशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच गदर चळवळीच्या उभारणीत ते सामील झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले. युद्ध संपले, पण हिंदुस्थानचे दार त्यांना बंदच राहिले. १९२४ साली ते मेक्सिकोत उतरले, तेव्हा वय चाळीस, खिसा रिकामा आणि मुलूख स्पॅनिश बोलणारा. अमेरिकेतील विद्यार्थिदशेत जोडलेले मेक्सिकन क्रांतिकारकांचे स्नेहसंबंध मात्र येथे कामी आले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापकाचे काम मिळाले.

वर्गात स्पॅनिशवाचून गत्यंतर नव्हते. त्या भाषेत 'ज'चे अक्षर घशातून, जवळजवळ 'ख'सारखे उच्चारतात; तेव्हा खानखोजे या आडनावाचे विद्यार्थ्यांच्या तोंडी काय होत असेल, याची कल्पना करून मला हसू येते! तरीही ताटातले पदार्थ अगदीच परके नव्हते. तेथील बाया मका चुन्याच्या निवळीत शिजवून दगडी पाट्यावर वाटतात आणि त्याची चपटी भाकर हातावर थापून तव्यावर टाकतात. सोबत मिरची आणि घेवडा. ज्या मिरचीवाचून आपले जेवण अडते, ती मूळची तिकडचीच. भौगोलिक मानांकन मिळालेले आपल्या बालाघाटातील सीताफळही अमेरिका खंडातूनच आले. आपल्या बांधावरचे घायपातही तिकडचेच. माणसाच्या कितीतरी आधी झाडांनी हा प्रवास उलट दिशेने केला होता.

खानखोजे यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले. मक्याचा रानटी भाऊबंद जो तेओसिंते, त्याच्याशी संकर करण्याचे त्यांचे प्रयोग गाजले. पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे दुसरे काम. शेतकऱ्यांसाठी त्यांनी गावोगाव मुक्त कृषी शाळा उभारल्या. तेथे फी नव्हती. क्रांतीनंतर जमीन हाती आली होती. ती कसण्याची नवी विद्या मात्र विद्यालयाच्या भिंतींआड होती. ती त्यांनी शिवारात नेली. विद्यालयाचे ब्रीदवाक्यही अर्थपूर्ण आहे : पिळवणूक माणसाची नव्हे, जमिनीचा उपयोग करून घेण्यास शिकवा, असा त्याचा आशय.

येथे आपणा कॅथलिकांच्या मनाला एक काटा बोचतो. ज्या शासनाच्या विद्यालयात खानखोजे शिकवत होते, त्याच शासनाने त्या वर्षांत ख्रिस्तसभेचा छळ मांडला होता. १९२६च्या जुलैअखेरीस महागुरूंनी सार्वजनिक उपासना स्थगित केली. ती १९२९च्या जूनपर्यंत बंद राहिली. शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिद्रो याचा सण १५ मे रोजी असतो. त्या दिवशी मेक्सिकोतील अनेक गावांत आपल्या पोळ्यासारखे बैल सजवून आशीर्वादासाठी आणतात. त्या तीन वर्षांत उघडपणे आशीर्वाद देण्यास धर्मगुरू नव्हता. फादर मिगेल प्रो या येशूसंघीय धर्मगुरूंना २३ नोव्हेंबर १९२७ रोजी गोळ्या घालण्यात आल्या; १९८८ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले.

आणि नेमक्या त्याच काळात, १९२८ साली, दिएगो रिव्हेरा या साम्यवादी चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र काढले. ही वास्तू जेथे आहे, तेथे पूर्वी धर्मभगिनींचा मठ होता. चित्राचे नाव 'आमची भाकर'. हे शब्द प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतले, हे सांगावयास नको. मेजाभोवती नाना वंशांची माणसे बसली आहेत आणि अग्रभागी बसलेला माणूस भाकर मोडतो आहे. त्या माणसाचा चेहरा खानखोजे यांचा आहे, असे मानले जाते.

वेद्या रिकाम्या आणि भिंतीवर हे चित्र! काहींना यात ख्रिस्तसभेची थट्टा दिसेल. मला तसे वाटत नाही. छळ तो छळच, आणि फादर प्रो यांच्या रक्ताची किंमत कोणत्याही चित्राने फिटत नाही. परंतु ज्याच्या हाती भाकर दिली, तो हिंदू घरातला, परभाषक, देशोधडीला लागलेला शिक्षक होता. आणि चित्रकाराला मेजाच्या अग्रभागी बसवावयास तोच योग्य वाटला. प्रभुभोजनाची खूण वेदीपासून दूर, नकार देणाऱ्यांच्या भिंतीवरही उमटली, हे आपण ओळखू नये काय?

१९३६ साली खानखोजे यांनी बेल्जियमच्या जान सिंडिक यांच्याशी विवाह केला. त्यांच्या दोन्ही कन्या मेक्सिकोतच जन्मल्या. १९५५ साली हे कुटुंब नागपुरास परतले. ज्या मुलखासाठी सारे सोडले, तो आता स्वतंत्र होता. पण त्यांना ओळखणारे थोडेच उरले होते. १९६७ साली त्यांचे निधन झाले. पुढे कन्या सावित्री सॉहनी यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले; वीणा गवाणकरांनी 'नाही चिरा' हे पुस्तक लिहून त्यांना मराठी घरांत आणले. २०२२च्या सप्टेंबरात चापिंगोच्या आवारात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.