काटा गार, इंजिन गरम: टेम्परेचर गेजची गोष्ट

आजचा भाग गाडीच्या डॅशबोर्डवरच्या त्या काट्याबद्दल, ज्याच्याकडे आपण कधी बघतच नाही. मीसुद्धा बघत नव्हतो. कामासाठी डेट्रॉईटला होतो, जानेवारीचा महिना, बाहेर उणे पंधरा. सेकंड हॅंड गाडी घेतलेली. वीस मिनिटं चालवूनही काटा 'सी'वर, म्हणजे गारच. म्हटलं, थंडीच एवढी आहे, चालायचंच!

आता जरा मागे जाऊ. ह्याच डेट्रॉईट परिसरात फोर्डची मॉडेल टी बनायची, 1908 ते 1927. बहुतेक मॉडेल टीमध्ये पाण्याचा पंप नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर जायचं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली यायचं. बस, एवढंच. डॅशबोर्डवर गेजही नव्हता. मग 1912 च्या सुमारास बॉइस मोटोमीटर आला: रेडिएटरच्या झाकणावर उभा केलेला थर्मामीटर. ड्रायव्हर समोरच्या काचेतून त्यातला लाल द्रव किती चढलाय ते बघायचा.

गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीतही ह्या गाड्या उकळायच्या. रेडिएटरच्या खालच्या भागात पाणी गोठायचं, फिरणं थांबायचं आणि वर इंजिन तापायचं. म्हणून लोक रेडिएटरला पुठ्ठा नाहीतर घोंगडी बांधायचे, रात्री पाणी काढून टाकायचे. पाण्यात अल्कोहोल घातलं तर गोठायचं नाही, पण ते 78 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उडून जायचं. 1927 मध्ये प्रेस्टोन नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. त्याचा उत्कलनबिंदू 197 अंशांच्या आसपास, म्हणजे उडून जायची कटकट संपली. पुढे मेणाचा थर्मोस्टॅट आला. मेण तापून फुगलं की झडप उघडते, तोवर पाणी रेडिएटरकडे जातच नाही. म्हणूनच आजची गाडी थंडीतही लवकर तापते आणि काटा मध्यावर येऊन थांबतो.

पण मोटोमीटरची एक खोच होती. तो पाण्याचं नाही, पाण्यावरच्या वाफेचं तापमान मोजायचा. म्हणजे सेन्सर कुठे बसलाय, त्यावर आकडा ठरतो. माझ्या गाडीतही नेमकं तेच झालं होतं. कूलंट गळून गेलेलं, सेन्सर हवेत कोरडा, त्यामुळे काटा गार आणि इंजिन आतून भाजत होतं! मेकॅनिक म्हणाला, अजून थोडं चालवलं असतंस तर हेड गॅस्केट गेलं असतं.

प्रोग्रॅमर म्हणून मला हे आधीच सुचायला हवं होतं. सेन्सरने शून्य दिलं म्हणजे मोजमाप शून्यच आहे असं थोडीच असतं?

तर लक्षात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनंतरही काटा खालीच आणि हीटर गार हवा फेकतोय, तर दोन शक्यता: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा कूलंट कमी आहे. गाडी बाजूला घ्या, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मगच लेव्हल बघा. गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, आत दाब असतो, हात भाजेल.

आणि मनाली-लडाखला निघालेल्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!