दामोदर कोसंबी आणि पथांची भूमिती

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे नाव साहित्याच्या अभ्यासकाला दोन कारणांनी परिचित असते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (१९४८) आणि वा. वि. गोखले यांच्यासमवेत संपादित केलेला विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' (१९५७) हे एक. १९५६ च्या 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी'पासूनचे इतिहासलेखन हे दुसरे. 'ते गणिताचे प्राध्यापकही होते' असे आपण परिचयात सांगतो आणि त्या 'ही'पाशी थांबतो. वास्तविक गणित हाच त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. ते गणित नेमके कशाविषयी होते, याची निदान तोंडओळख असल्याखेरीज कोसंबींच्या विचारपद्धतीबद्दल बोलणे अपुरे ठरते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५४ साली गॉटिंगेन येथे दिलेल्या व्याख्यानात रीमान यांनी असे मांडले की, अवकाशाची भूमिती आधीच ठरलेली नसते; लगतच्या दोन बिंदूंमधील अंतर मोजण्याचा नियम जसा, तशी ती घडते. अवकल भूमितीच्या या शाखेला १९१५ साली अनपेक्षित महत्त्व आले. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात गुरुत्वाकर्षण हे बल उरले नाही, ती अवकाश-कालाची वक्रता झाली. सूर्याभोवती फिरणारा ग्रह कोणाच्या ओढीने वळत नाही. वक्र अवकाश-कालातील सरळात सरळ वाटेने तो जात असतो. भौतिकीचा प्रश्न असा भूमितीचा झाला. पुढे विद्युत्-चुंबकीय बलही याच भाषेत सांगता येईल का, या शोधात १९२० च्या दशकातील अनेक गणिती गुंतले. प्रिन्स्टन येथे व्हेब्लेन आणि आयझेनहार्ट यांनी १९२२ पासून 'पथांची भूमिती' उभारायला घेतली, ती याच वातावरणात.

गोव्यात जन्मलेले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन परतलेले कोसंबी या वातावरणाशी जोडले गेले ते बनारस आणि अलीगढ येथून. अलीगढला त्यांना बोलावणारे होते फ्रेंच गणिती आंद्रे वेल. त्यांच्याच सूचनेवरून कोसंबींनी अवकल भूमितीवरील आपल्या एका निबंधाला 'बूर्बाकीच्या दुसऱ्या सिद्धांता'चे व्यापकीकरण असे शीर्षक दिले. हा बूर्बाकी अस्तित्वातच नव्हता. एका सहकाऱ्याची फिरकी घेण्यासाठी रचलेले ते काल्पनिक पात्र होते. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या मित्रांनी फ्रान्समध्ये याच नावाने सामूहिक लेखन सुरू केले आणि विसाव्या शतकाच्या गणितावर त्याचा खोल ठसा उमटला. गणिती निबंधात हे नाव प्रथम छापले गेले ते कोसंबींच्या हातून.

थट्टा बाजूला ठेवली, तर त्या काळातील त्यांचे खरे काम १९३३ साली 'माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट' या जर्मन नियतकालिकात आले. अकरा पानांच्या या निबंधाचे शीर्षक होते 'समांतरता आणि पथ-अवकाश'. त्यातील प्रश्न समीकरणांवाचूनही सांगता येतो. डोंगरावर पायवाटा पडलेल्या आहेत. डोंगराचा नकाशा नाही, अंतर मोजायला फूटपट्टीही नाही; दिसतात त्या फक्त वाटा. तेवढ्यावरून डोंगराच्या घडणीविषयी काय सांगता येईल? रीमान यांच्या भूमितीत आधी अंतराचा नियम, मग त्यातून वाटा. कोसंबींनी क्रम उलटा केला. आधी वाटा, म्हणजे वस्तूच्या गतीची अवकल समीकरणे. मग त्यांतून भूमिती. एका वाटेलगत दुसरी वाट घेतली, तर पुढे त्या एकमेकींपासून दूर जातात की जवळ येतात? या विचलनातच वक्रतेची खूण असते. दुसरी अट अशी, की निरीक्षकाने सहनिर्देशक कोणतेही निवडले तरी जे बदलत नाही तेच भूमितीचे खरे विधान. अशा अविकारी राशी शोधणे हे त्यांनी आपले उद्दिष्ट मानले.

या निबंधाच्या पाठोपाठ, त्याच अंकात, चार पानांचे टिपण छापलेले आहे. त्याचे लेखक आहेत एली कार्तान, त्या काळातील अवकल भूमितीतील सर्वांत अधिकारी नाव. त्यांनी तोच प्रश्न आपल्या पद्धतीने पुन्हा मांडला. १९३९ साली चिनी गणिती शिंग-शेन चर्न यांनी तो आणखी पुढे नेला. आज या सिद्धांताला कोसंबी-कार्तान-चर्न सिद्धांत म्हणतात. त्यातील पाच अविकारी राशींच्या आधारे एखाद्या व्यवस्थेच्या गतिमार्गांचे स्थैर्य तपासले जाते. विश्वरचनाशास्त्रापासून परिस्थितिविज्ञानापर्यंत त्याचा उपयोग झाला आहे.

कोसंबी मात्र १९३३ सालीच पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि हळूहळू सांख्यिकीकडे वळले. प्राचीन नाण्यांची वजने हा त्यातूनच आलेला विषय. १९४० च्या दशकाच्या मध्यास ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९५९ साली रीमान यांच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा त्यांचा दावा टिकला नाही आणि गणिती म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ साली त्यांचा संस्थेशी असलेला संबंध संपला. त्या फसलेल्या सिद्धतेची सावली १९३३ च्या कामावरही पडली, हा अन्यायच म्हणावा लागेल. त्यांचे निवडक गणिती लेखन राम रामस्वामी यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आले ते २०१६ साली, मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी.

येथे एक मोह होतो. भर्तृहरीच्या असंख्य हस्तलिखितांतील पाठभेद बाजूला सारून, जवळजवळ सर्व परंपरांत आढळणारे २०० श्लोक वेगळे काढणारा संपादक आणि सहनिर्देशक बदलले तरी न बदलणारे ते शोधणारा गणिती, हे एकच काम करीत होते असे म्हणावेसे वाटते. सह्याद्रीतील लेण्यांचा माग जुन्या व्यापारी वाटांवरून काढणारा इतिहासकारही मग त्याच ओळीत बसतो. परंतु हे साम्य ताणता कामा नये. हस्तलिखिते नकलकारांच्या हातून, चुकांतून आणि आवडीनिवडींतून उतरतात. गणितातील रूपांतराला असा इतिहास नसतो. शिवाय सर्वत्र आढळणारा श्लोक भर्तृहरीचाच, हे त्यातून सिद्ध होत नाही. ती केवळ संभाव्यता असते. अविकारी राशी मात्र सिद्ध होते.

तरीही पद्धतीविषयी एवढे निश्चित म्हणता येते की, तिन्ही क्षेत्रांत कोसंबींनी मूळ वस्तू हाती असल्याचे गृहीत धरले नाही. जे प्रत्यक्ष उपलब्ध आहे, मग ती वाट असो, पाठ असो वा नाणे, तेथून सुरुवात करायची आणि त्यातून जेवढे निघते तेवढेच म्हणायचे, ही शिस्त त्यांनी सांभाळली. आपल्या वर्गांतून 'शतकत्रयी'ची प्रस्तावना शिकवली जाते, तेव्हा ही शिस्त आणखी कोठे राबली होती हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. 'गणिताचे प्राध्यापकही' हा शब्दप्रयोग मग आपोआप खटकू लागेल.