पेमगिरीवरची गादी

२०२१ साली इस्रायलमध्ये ‘राआम’ हा स्वतंत्र अरब पक्ष प्रथमच सत्तारूढ आघाडीत आला. त्याच्या ४ जागांवाचून बहुमत जुळत नव्हते. गरजेने दार उघडले. वर्षभरातच ती आघाडी मोडली.

आपल्या जिल्ह्यानेही असे दार पाहिले आहे. १६२९ मध्ये निजामशाही दरबारात शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव मारले गेले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, निजामशहा मोगलांचा कैदी झाला. तेव्हा शहाजीराजांनीच संगमनेरजवळच्या पेमगिरीवर बाल मूर्तजाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. त्यात त्यांचे स्वतःचे हितही होते. पण १६३६ पर्यंत ते राज्य त्यांनीच झुंजवत ठेवले.

गरजेपोटी दिलेली जागाही खरीच असते. मात्र वाटेकऱ्याच्या हाती कारभार दिला, तरच तो राज्य आपले मानतो.