कॉलेज बघायला जायचं भाडं कोणी भरायचं?

मुलीला कॉलेजात घालायचं म्हटलं की आपण फी विचारतो, होस्टेल विचारतो, बस किती वाजता सुटते तेही विचारतो. पण एक खर्च आपण कधी मांडतच नाही, तो म्हणजे ते कॉलेज आधी जाऊन बघून येण्याचा. अमेरिकेत या एका खर्चामागे मोठा इतिहास आहे. तिथली काही कॉलेजं कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलामुलींना स्वतःच्या खर्चानं बोलावून घेतात. विमानाचं तिकीट कॉलेज काढतं, दोन-तीन दिवस राहणं-जेवण कॉलेजचं. आधी आमच्याकडे येऊन बघा, मग अर्ज करायचा का ते ठरवा, असं सांगतात. याला तिथं ‘फ्लाय-इन’ म्हणतात. कॉलेजं हा खर्च का करतात? आणि असं जाऊन आल्यानं प्रवेश मिळण्याची शक्यता वाढते का? आज या दोन प्रश्नांबद्दल बोलू या.

अमेरिकेतल्या कॉलेजचा विषय निघाला की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. त्या एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून जहाजानं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि सोबत नवरा नव्हता. न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला प्रवेशासाठीचं पत्र त्यांनी त्या घरात पोचल्यावर, जूनच्या अखेरीस लिहिलं. म्हणजे क्रम बघा. आधी भाड्याची जुळवाजुळव, मग समुद्र, मग अर्ज. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पण भाड्याची सोय झालीच नाही म्हणून किती जणींचा अर्ज लिहायचाच राहून गेला असेल, त्याची नोंद कुठं सापडणार?

आता त्या देशातल्या नावाजलेल्या कॉलेजांकडे येऊ. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही नावं आपल्या मुलांनाही पाठ असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होता. ठरलेले पेपर सोडवा, पास व्हा, आत या. या पद्धतीमुळे झालं असं की, युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतली हुशार मुलं मोठ्या संख्येनं आत येऊ लागली. 1922 च्या सुमारास हार्वर्डमध्ये साधारण पाचातला एक विद्यार्थी ज्यू होता. हे तिथले अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांना खटकलं. त्यांना ज्यू मुलांच्या संख्येवर उघड मर्यादा घालायची होती, पण त्याला विरोध झाला. मग 1926 पासून प्रवेशाची रीतच बदलली. आता नुसते गुण पुरेनात. मुलाचं ‘चारित्र्य’ कसं, व्यक्तिमत्त्व कसं, शिफारस कोणाची, हेही बघायचं ठरलं. इतर मोठ्या कॉलेजांनीही फोटो, मुलाखत, घरची माहिती मागायला सुरुवात केली.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबू या. मुलाला प्रत्यक्ष बघून घ्यावं, ही गोष्ट ऐकायला किती चांगली वाटते. नुसत्या गुणांवर माणूस कळतो का, असं आपणही म्हणतो. पण तिथं हे बघणं सुरू झालं ते बऱ्याच अंशी नको असलेल्यांना दारातच अडवायला. स्थळ बघायला आलेले लोक ‘मुलीला प्रत्यक्ष पाहू’ म्हणतात, तेव्हा ते नेमकं काय बघत असतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉलेजात जाणाऱ्यांची संख्या खूप वाढली. ज्यांच्या घरी गाडी आणि सुट्टी दोन्ही होतं, त्या आईबापांनी मुलांना घेऊन चार-सहा कॉलेजं बघून येण्याची प्रथा पडली. इमारती बघायच्या, प्रवेश कार्यालयात बसून बोलायचं, वहीत नाव लिहून यायचं. मजुराच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला यातलं काही शक्य नव्हतं. मुलींची गोष्ट तर आणखी वेगळी. येल आणि प्रिन्स्टन यांनी पदवीच्या वर्गात मुलींना घ्यायला सुरुवात केली ती 1969 मध्ये. तोवर त्यांच्यासाठी स्मिथ, वेलस्ली, ब्रिन मॉर अशी मुलींची वेगळी कॉलेजं होती.

याच काळात वारं बदललं. काळ्या लोकांची समान हक्कांची चळवळ जोरात होती. 1965 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. त्यातून गरीब विद्यार्थ्यांना सरकारी मदत मिळू लागली आणि गरीब वस्त्यांतली हुशार मुलं शोधून त्यांना कॉलेजपर्यंत नेणाऱ्या योजनाही आल्या. त्या योजनांमध्ये मुलांना कॉलेज दाखवून आणणं हेही एक काम असतं. कॉलेजांनीही हळूहळू स्वतःचा पैसा यात घातला. विल्यम्स, अॅमहर्स्ट, बोडन ही नावाजलेली छोटी कॉलेजं मोठ्या शहरांपासून लांब, लहान गावांत आहेत. टेक्सासच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मुलाला तिथं जायचं तर विमानाशिवाय सोय नाही. म्हणून ती तिकीट काढून मुलं बोलावतात. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अर्जाची मुदत संपण्याआधी, ही मुलं जातात. तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर होस्टेलवर राहतात, वर्गात बसतात, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा ते शिकतात.

आता दुसरा प्रश्न. जाऊन आल्यानं प्रवेशाची शक्यता वाढते का? याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

पहिली बाजू. अमेरिकेत काही कॉलेजं अर्जदारानं किती रस दाखवला हे मोजतात. तो येऊन गेला का, प्रश्न विचारले का, याची नोंद ठेवतात. कारण सरळ आहे. जागा देऊ केली आणि मुलगा आलाच नाही, तर कॉलेजचा हिशेब चुकतो. 2018 च्या सुमारास प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेनं केलेल्या पाहणीत साधारण सहातल्या एका कॉलेजनं सांगितलं की, या गोष्टीला आम्ही बरंच महत्त्व देतो. 2017 मध्ये चार अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास छापून आला. एका कॉलेजच्या अर्जांवरून त्यांना दिसलं की, प्रत्यक्ष येऊन गेलेल्यांना प्रवेश मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि ज्यांचे परीक्षेतले गुण वरचे, त्यांना हा फायदा अधिक होता. म्हणजे ज्याच्या बापाकडे भाडं होतं, त्याचं पारडं न मागता जड झालं. भाड्यानं निर्माण झालेली ही तफावत फ्लाय-इन थोडीफार भरून काढतं.

दुसरी बाजू. येल किंवा एमआयटीसारखी कॉलेजं सांगतात की, तुम्ही येऊन गेलात की नाही हे आम्ही धरतच नाही. आणि फ्लाय-इनला निवड झाली म्हणजे प्रवेश झाला, असं कॉलेजं म्हणत नाहीत.

तिसरी बाजू आपल्याला बचत गटामुळे पटकन कळेल. जिल्ह्याच्या सरस प्रदर्शनाला जाऊन आलेल्या गटांचा माल पुढं चांगला खपतो. पण तो प्रदर्शनामुळे खपतो, की मुळात ज्यांचं लोणचं-पापड उत्तम त्यांनाच निवडून पाठवलेलं असतं म्हणून? थोडं ते, थोडं हे. फ्लाय-इनसाठीही गुणपत्रिका आणि निबंध बघून निवड होते. निवडलेली मुलं आधीच हुशार असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना प्रवेश मिळाला, तर सगळं श्रेय त्या दोन दिवसांना देता येत नाही.

मग या खर्चातून मिळतं काय? आमच्या मते खरी गोष्ट पुढं आहे. कॅरोलिन हॉक्स्बी आणि ख्रिस्तोफर एव्हरी या दोन अर्थतज्ज्ञांनी 2012-13 मध्ये दाखवून दिलं की, अमेरिकेतली गरीब घरातली बहुसंख्य अतिहुशार मुलं नावाजलेल्या कॉलेजांत अर्जच करत नाहीत. गुण असतात. त्या कॉलेजांकडे मदतीचा पैसाही असतो, कित्येकदा गावाजवळच्या साध्या कॉलेजपेक्षा तिथलं शिक्षण स्वस्त पडतं. तरीही अर्ज जात नाही, कारण ‘ते आपल्यासाठी नाही’ हे मनात पक्कं असतं. 2017 मध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा तिथली 38 कॉलेजं अशी निघाली की, सगळ्यात श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं तिथं खालच्या साठ टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. अर्ज न केलेल्याला नाकारावंही लागत नाही. त्याची जागा आपोआप दुसऱ्याला जाते.

होस्टेलवर दोन रात्री काढून, आपल्यासारख्याच घरातून आलेली एखादी मुलगी तिथं शिकताना बघून जो फरक पडतो, तो इथं पडतो. प्रवेश समितीचं मन बदलो न बदलो, मुलीचं स्वतःचं मन बदलतं. शक्यता वाढते ती अशी, कारण अर्ज केला नाही तर ती शून्यच असते.

या योजनांचा पुढचा इतिहास अजून घडतो आहे. 2020 मध्ये कोरोनामुळे भेटी बंद होऊन पडद्यावर आल्या. 29 जून 2023 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंश विचारात घ्यायला मनाई केली. त्यामुळे कमी उत्पन्न, घरातली पहिलीच शिकणारी पिढी आणि खेडं या कसोट्यांचं महत्त्व वाढलं. त्याच वर्षी सोळा कॉलेजांनी मिळून लहान गावांतल्या आणि खेड्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी एक जाळं उभं केलं. त्याला एका देणगीदार कुटुंबाच्या संस्थेनं दोन कोटी डॉलर दिले.

आता आपल्या कामाच्या दोन गोष्टी. पहिली सावधगिरीची. या योजना बहुतेक करून अमेरिकेत राहणाऱ्या मुलांसाठीच असतात. पैसे घ्या, कॅम्पस दाखवतो, मग प्रवेश पक्का, असं कोणी एजंट सांगू लागला तर त्याच्या हातात कर्जाचा एक रुपयाही ठेवू नका.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. आपल्याकडे इंजिनिअरिंगसारखे प्रवेश सीईटी सेलमार्फत गुणवत्ता यादीनं होतात. कॉलेज बघून आल्याचे गुण मिळत नाहीत, आणि ते बरंच आहे. पण कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना वर कोणतं नाव लिहायचं, हे कोण ठरवतं? बहुतेक घरांत भीती ठरवते. यादीत नाव लागेल असं चांगलं कॉलेज आईनं पाहिलेलं नसतं, होस्टेलचं दार पाहिलेलं नसतं, म्हणून मुलीचा पसंतीक्रम जवळच्या कॉलेजपाशी थांबतो. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी गटाच्या बैठकीत ठराव करता येतो. बारावीच्या मुली आणि त्यांच्या आया, दोघींनी मिळून जायचं. होस्टेल बघायचं, मेसमध्ये जेवायचं, आपल्या भागातली एखादी मुलगी तिथं शिकत असेल तर तिच्याशी बोलायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पसंतीक्रमाचा फॉर्म भरायचा तो त्यानंतर.

तुमच्या गटानं अशी फेरी काढली तर केंद्रावर जरूर कळवा. मुलींना काय दिसलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकायला आम्हाला आवडेल.