ग गवताचा

चपला पायरीखाली काढा आणि ओसरीवर मांडी घालून बसा. पुढ्यात लाकडी पाटी आहे, तिच्यावर बारीक धूळ पसरलेली. शेजारच्या पोरानं तळहात फिरवून ती नुकतीच सारखी केली आहे. आता बोट धुळीत टेकवा.

साल १८८०च्या आसपासचं, गाव पालघरजवळचं माहीम. पालघरला आगगाडी थांबते, पण तालुका अजून माहीमच्याच नावानं चालतो. मागच्या वाडीतून केळीचा आणि पानवेलींचा ओला वास येतो आहे. सरकारी शाळा निघू लागल्या आहेत, तरी पंतोजींच्या ओसऱ्या ओस पडलेल्या नाहीत. 'ओनामासीधं'चा एकसुरी गजर चालला आहे आणि बघता बघता तुमचा आवाजही त्यात मिसळतो. पंतोजी तुमचं बोट धरून धुळीत एक गाठ आणि एक दांडा काढतात. ग. पुसा. पुन्हा ग.

'ग कशाचा?' असं विचारायला तोंड उघडू नका. या ओसरीवर तो प्रश्नच नाही. अक्षराला चित्र नाही, शब्द नाही. ग, गा, गि, गी म्हणत बाराखडी तोंडात बसवायची, मग मोडीची वळणं गिरवायची; अर्थाचं पुढं बघता येईल. चुकलात तर छडी आहे. तरी या धुळीला मी नावं ठेवणार नाही. बोटाला अक्षराचा आकार कळतो, चुकलेलं तळहाताच्या एका फटक्यात पुसलं जातं आणि पाटीवर कालचा डाग राहत नाही. पुढं मारिया माँटेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरं करून मुलांना त्यांवरून बोट फिरवायला लावलं, त्यातलं अर्धं शहाणपण या धुळीत होतं.

उठण्याआधी एकदा मान वळवून बघा. ओसरीवर एकही मुलगी नाही. मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांचं पोर नाही. आणि डोंगराकडच्या पाड्यांतल्या वारली आदिवासींच्या पोराला तर इथं येण्याची वाटच नाही.

आता साठएक वर्षं पुढं या. हातात एक पातळ पुस्तिका आहे, कागद खरबरीत, चित्रं शाई पसरून थोडी फिसकटलेली: अंकलिपी. तुम्ही पाच वर्षांचे आहात आणि ही तुमच्या मालकीची पहिली छापील वस्तू आहे. अ अननसाचा. इ इमारतीचा. ई ईडलिंबाची. ए एडक्याचा. ऐ ऐरणीची. क कमळाचं, भ भटजीचा, श शहामृगाचा. आता अक्षराला शब्द मिळाला, शब्दाला चित्र मिळालं. ही मोठी गोष्ट आहे, ती लहान समजू नका. पण माहीमच्या वाडीत किंवा बंदरावर वाढलेल्या तुमच्या डोळ्यांनी ही पानं उलटा. उखळ घरात आहे, ऊस बघितला आहे. एडका कुठून आणायचा? शहामृग तर ज्यांनी शिकवायचं त्यांनीही पाहिलेलं नाही. अक्षर ओळखण्यासाठी आधी चित्र ओळखायचं आणि चित्र ओळखण्यासाठी कुणीतरी सांगितलेलं नाव पाठ करायचं, म्हणजे ओझं दुप्पट झालं.

अंकलिपी करणाऱ्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. पहिल्या शब्दाला काना-मात्रा-वेलांटी शक्यतो नको, कारण पोराला अजून नुसतं अक्षरच ओळखायचं आहे. म्हणून कमळ, बदक, मगर, फणस, घर, नळ. ब बोंबलाचा म्हटलं तर किनाऱ्यावरचं प्रत्येक पोर हसून पुढं सरसावेल, पण पाटीवर उमटेल 'बो', ब नव्हे. आणि ण, ळ यांनी तर शब्दच सुरू होत नाही. म्हणून बाणातला ण, बाळातला ळ, असं शेवटाकडून पकडून आणावं लागतं. त्यात या किनारपट्टीतल्या अनेक घरांत ळ चा ल आणि ण चा न होतो. आई 'नारल' म्हणते, 'पानी' म्हणते. पोर शाळेत येतं तेव्हा त्याच्या कानात ळ नसतोच. ते चुकीचं बोलत नाही, घरचं बोलतं. ज्या अक्षराचा आवाज घरात नाही, त्या अक्षराला पहिला शब्द कोणता द्यायचा, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या छापखान्यात सुटणारा नव्हता.

तो जिथं हाती घेतला गेला, तिकडं निघू. १९४५ सालाची अखेर आहे. पालघरला गाडीत चढा. बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. घोलवडला उतरा आणि बोर्डीची वाट धरा. वाटेत डब्यात लोक हळू आवाजात बोलतात ते ऐका. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत वारली उठले आहेत, वेठ नाकारताहेत. गोदावरी परुळेकरांनी पुढं 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिला तो लढा हाच. यंदा पावसाळा सरता सरता गवत कापणाऱ्यांनी संप केला होता. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. हे गवत मुंबईच्या गोठ्यांना जातं. आईबाप ते कापतात, पोरं त्याच कुरणात गुरं राखतात.

बोर्डीत याच सुमारास ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आहे. वय त्रेपन्न. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर बालमंदिर चालवलेलं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केलेला, दादरला शिशुविहार सुरू केलेला. हे सगळं शहरातल्या, धुतल्या कपड्यांच्या मुलांसाठी झालं, ही बोच घेऊन त्या खेड्यात आल्या. सोबतीला अनुताई वाघ, वय पस्तीस. लहान वयात विधवा होऊन पुण्यात शिकलेल्या, हुजूरपागेत शिकवलेल्या.

सकाळी तुम्ही अनुताईंच्या मागून पाड्यात शिरता. बालवाडी उघडली तरी पोरं येत नाहीत. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसली आहे, ती सुटणार कशी? मग शाळाच उचलून अंगणात न्यायची. झाडाखाली जागा झाडायची, पोरांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणं, मग खेळ. इथंच 'अंगणवाडी' रुजली. माँटेसरीचं साहित्य महाग. त्याऐवजी शंख-शिंपले, चिंचोके, गुंजा, खडे, पानं, काटक्या. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं हे आधी हाताला कळू द्यायचं. अक्षराची घाई ताराबाईंना मुळीच नाही.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तुम्हीही चढा. गुरं राखणाऱ्या पोरांना दुपारी शाळेत आणता येत नाही, म्हणून शाळा कुरणात गेली: कुरणशाळा. उन्हात गुरं चरताहेत आणि त्यांच्याकडं एक डोळा ठेवून पोरं शिक्षिकेभोवती बसली आहेत. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी बहीणही वर्गात बसू शकेल.

इथं उभं राहून तुम्ही मनातल्या मनात अंकलिपी नव्याने मांडू लागाल. मला तर राहवत नाही. ग गवताचा: पोरांच्या पायाखाली ते आत्ता आहे, त्याच्या भावासाठी त्यांच्या आईबापांनी संप केला. क करवंदाचा: टेकडीची जाळी काळीभोर झाली आहे. प पळसाचा, म मधाचा, न नखाचा. नख तर आजच सकाळी कापलं. आणि भ? भटजी या पाड्यात येत नाही. येतो तो भगत. भ-ग-त, काना नाही, मात्रा नाही, अंकलिपीच्या कडक अटीत चोख बसणारा आणि पोराच्या घरात प्रत्येक आजारपणाला येऊन बसणारा. अडचण शब्दांची नव्हतीच. शब्द टेकडीवर पडले होते. पुस्तक करणारा टेकडी चढला नव्हता. 'भगत'सारख्या शब्दानं पोराला कळतं की माझं घरही लिहिता येतं. हे पहिल्या आठवड्यात कळणं आणि चौथीत कळणं यांत शाळा टिकण्या-सुटण्याचा फरक आहे, असं मी मानतो.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातलं 'अंगणवाडी' हे नाव सगळ्या देशाच्या तोंडी गेलं. अनुताई १९९२ पर्यंत कोसबाडचं काम सांभाळत राहिल्या.

आता परत माहीमला या, आजच्या. ठाणे जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासून मागं राहिला, तुम्ही पालघर जिल्ह्यात आहात. अंगणवाडीच्या भिंतीवर चकचकीत तक्ता लावलेला आहे, त्यावर अननस आहे, शहामृगही आहे. समोर वाडीवाल्यांची, मांगेल्यांची पोरं, आणि तारापूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची परप्रांतीय पोरंही. घरी भोजपुरी बोलणाऱ्या मुलीला भगत ओळखीचा नाही, करवंदही नाही. म्हणजे कोसबाडची यादी इथं तशीच चिकटवली तर तीही अंकलिपीच होईल. यादी पोरांकडूनच घ्यायची, दरवर्षी नवी. तेवढं एकच काम तक्त्याला जमत नाही.

सेविकाताई खडू तुमच्या हातात देतात. मागच्या वाडीतून नारळ आणला आहे. तो पोरांच्या हातातून फिरतो, 'नारल, नारल' चालू आहे. ताई कुणाला टोकत नाहीत, फक्त स्वतः 'नारळ' म्हणत राहतात, आणि एक-दोन जिभा त्या ळ पाशी वळून बघतात. मग त्या विचारतात, "झ कशाचा?" झबलं, झाड, झुरळ, एकच गलका. खिडकीतून बाहेर बोट दाखवत एक मुलगा ओरडतो, "झाप!" वाडीत आजोबा माडाच्या झावळ्यांचे झाप विणताहेत. ताई विचारात पडतात: झापाला काना आहे. तेवढ्यात दुसरी म्हणते, काना मला येतो, माझ्या नावात दोन आहेत. तुम्ही फळ्याकडं वळा आणि झ काढा. काना लावायचा की नाही, यावर मागं अजून वाद चालू आहे.